फक्कीचं रिंगण

आमचे हे एका शाळेच्या मैदानाची निगा राखतात. नोकरीच्या कागदावर काय लिहिलंय देव जाणे, पण काम म्हणाल तर गवत कापायचं, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि स्पर्धा असली की फक्की टाकून रेघा आखायच्या. फक्की म्हणजे ती पांढरी पूड, जिच्यावरून धावायचं नसतं आणि पोरं नेमकी तिच्यावरूनच धावतात. आम्ही राहतो मैदानाच्या कडेलाच, सामानाच्या खोलीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. भिंतीपलीकडे रोलर, जाळ्या, फक्कीची पोती. अलीकडे मी, माझं शिलाई मशीन आणि यांचं तोंड.

तोंड मुद्दाम म्हटलं. माणूस निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही, तो मीच चढवते. पण तोंडात तीळ भिजत नाही. आणि बातम्या तरी कसल्या? कुणाचं भांडण, कुणाचं लग्न, असलं काही असतं तर मीही कान दिला असता. यांच्या बातम्या मातीतल्या. त्यातही उन्हाळा ऐन भरात आला की यांना चेव येतो. शाळेला सुट्टी, मैदान मोकळं. शहाणी माणसं सावली धरून बसतात तेव्हा हे डोक्याला ओला पंचा गुंडाळून उन्हात हिंडतात.

मी एखादी चेन अर्धी शिवलेली असते आणि बाहेरून हाक येते, अगं, लवकर ये. साप निघाला की काय, पडले की काय, म्हणून कात्री हातात घेऊनच धावावं, तर काय? पायरीच्या फरशीवर एक खार पोट टेकून, चारी पाय पसरून पडलेली. गारवा लावून घेतेय बघ, म्हणतात. एकदा मला कुंपणापाशी नेऊन नुसतं उभं केलं, ऐक म्हणाले. काय ऐकायचं? झाडावरच्या वाळक्या शेंगा उन्हानं तडकत होत्या, टच्‌ टच्‌. भाजी चुलीवर होती माझी. ती करपली.

चिमण्या यांच्याच हातानं दाबून गुळगुळीत केलेल्या जमिनीत धुळीनं आंघोळ करून खळगे पाडतात, तर दुसऱ्या कुणी हाकललं असतं. हे रोलर बाजूनं नेतात. भर दुपारी झेंड्याच्या खांबाची सावली पार पायाशी गोळा होते, ती दाखवायला वॉचमनला गेटवरून बोलावून आणतात. आणि संध्याकाळी तो सूर्य. रोज थोडा थोडा सरकत तो पाण्याच्या टाकीपर्यंत येतो, दिवस सगळ्यांत मोठे झाले की तिथेच घुटमळतो आणि मग माघारी वळतो. हे मला दर वर्षी नव्यानं सांगितलं जातं. मी म्हणते, अहो, वळेल नाही तर काय, त्याला जायचंय कुठे. तरी सांगतात. मग तेच वॉचमनला, दूधवाल्याला, खेळाच्या सरांना, कोपऱ्यावरच्या दुकानात. आमच्या गल्लीत यांना सगळे बातमीपत्र म्हणतात, आणि यांना त्याचं वाईटही वाटत नाही.

वाटायला पाहिजे होतं. मागच्या वर्षी वाटलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आम्हाला एकच लेक. हे तिला ठमी म्हणतात, आता ती दाताच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते, नवरा-संसार आहे, तरी ठमीच. लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला की दिवस गेलेत. मला सांगितलं आणि मग म्हणाली, बाबांना दे. त्यांना तिनं स्वतः सांगितलं, आणि सांगताना बजावलंही की अजून फार लवकर आहे, एवढ्यात कुणाला बोलू नका. हे म्हणाले, छे छे, मी कशाला बोलतोय.

संध्याकाळी दूधवाल्यानं माझं अभिनंदन केलं. मी यांना असं काही झाडलं की कुंपणापलीकडच्या शेजारणीनं खिडकी लावून घेतली. यांचं म्हणणं, मी फक्त वॉचमनला सांगितलं. वॉचमनला सांगितलं म्हणजे भोंग्यावरच सांगितलं की. आठवड्याभरात दुकानदारीण मला लेकीच्या तब्येतीला काय चांगलं ते समजावायला लागली, आणि कपडे शिवायला येणाऱ्या एका आजींनी तर मुठीएवढी लोकरीची टोपी विणायला घेतली.

आणि मग ते मूल राहिलं नाही. ही बातमी मात्र यांच्या तोंडून कुणाकडे गेली नाही. दवाखाना झाला, मी जाऊन राहून आले, आणि पुढे थोड्या दिवसांनी ती विश्रांतीला म्हणून आमच्याकडे आली. बसथांब्यापासून आमच्या दारापर्यंत रस्ता तो केवढा. तेवढ्यात तिला दुकानदारीण भेटली, दूधवाला भेटला, खेळाचे सर भेटले. सगळे हसतमुख. पहिल्या दोघांना ती थँक्यू म्हणाली, दुसरं काय म्हणणार? सरांना मात्र तिनं खरं सांगितलं, भर रस्त्यात, बॅग हातात धरून. दारात त्या आजी टोपी घेऊन बसलेल्याच होत्या.

ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. हे दाराबाहेर उभे राहून म्हणाले, ठमे, जाऊ दे गं, पुन्हा होईल. आतून ती म्हणाली,

"बाबा, मला एकटीला रडायचं होतं."

एवढंच. ना ओरडली, ना भांडली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तरी मध्ये पडले असते. दुसऱ्या दिवशी बॅग उचलून परत गेली. त्यानंतर वर्षभर फोन मला. यांच्याशी बोलणं म्हणजे बरे आहात ना, गोळ्या घेताय ना, आईला द्या. फोन ठेवल्यावरही हे तो हातात धरून बसायचे. तिनं एकदा यावं, आपल्याला तिच्यासमोर बसून चुकलो म्हणता यावं, एवढीच यांची इच्छा. पण ये म्हणायचीही छाती होत नव्हती. माझ्याकडून म्हणवून घ्यायचे, आणि ती म्हणायची, बघू.

या वर्षी उन्हाळा चढला तसे हे थोडे माणसात आले. एके दिवशी जेवताना घास हातात धरून म्हणाले, टिटवीनं अंडी घातलीत. कुंपणाच्या कोपऱ्यात खडी पसरलेली आहे तिथे. मला बघायला नेलं. मी म्हटलं, कुठेयत? हे म्हणाले, पाय उचलू नकोस. माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. खड्यांसारखाच रंग, खड्यांसारखेच ठिपके. घरटं म्हणावं तर काडी नाही. मला त्या टिटवीचा रागच आला, अशी उघड्यावर घालतात का कुणी? हे म्हणाले, उघड्यावर आहेत म्हणूनच दिसत नाहीत.

मग रोजच्या बातम्या सुरू झाल्या. नर-मादी आळीपाळीनं बसतात. ऊन तापलं की उबवायचं सोडून अंड्यांवर नुसती सावली धरून उभी राहतात. आपला पाइप जिथे गळतो ना, तिथे जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. मी पाइपला फडकं बांधायला सांगत होते महिनाभर. आता तो मुद्दाम गळता ठेवला गेला. खरं सांगते, तो गळका पाइप बघून मला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

पण पुढच्या आठवड्यात मुलांचं सुट्टीतलं शिबिर होतं. पोरं मोकाट धावणार, एखाद्याचा पाय पडला तर? रात्रभर कूस बदलत होते. उजाडताना उठले, फक्कीची गाडी काढली आणि त्या अंड्यांभोवती छान मोठं गोल रिंगण आखलं. दुसरं काय सुचणार होतं त्यांना? जन्मभर तेच केलंय. मैदानात जे जपायचं त्याच्याभोवती रेघ मारायची. रेघ दिसली की पोरं थांबतात, म्हणाले, त्यांना बाकी काही कळत नसलं तरी रेघ कळते.

त्यांचं खोटं नव्हतं, पोरं थांबली. पण पांढरंशुभ्र रिंगण बघून आत काय आहे ते न बघता पुढे जाईल असं पोर अजून जन्माला यायचंय. आधी दोघं-तिघं आली, मग सगळं शिबिर आलं. पोरांना सोडायला आलेले आईबाप आले, सकाळचे फिरायला येणारे आले. सगळे रेघेबाहेर, शिस्तीत. आणि मध्येच आमचे हे, ओल्या पोटाची गोष्ट सांगतायत, चेहरा नुसता फुललेला. मी दारातून बघत होते. वर टिटव्या ओरडून ओरडून घिरट्या घालत होत्या, खाली उतरायला जागा नव्हती. ऊन चढत होतं. मला त्यातलं काय कळणार, मला वाटलं चाललंय ते चांगलंच चाललंय.

गर्दी हलली आणि कावळे आले. कुंपणावर बसून तेही सकाळपासून बघतच होते. हे फाटकापाशी कुणाला तरी काही सांगत होते, तेवढ्यात आटोपलं सगळं.

दुपारी घरी येऊन भिंतीला टेकून बसले. ताट वाढलं तर हात लावीनात. मग म्हणाले,

"कुणी रेघ ओलांडली नाही गं. एकानंही नाही."

मी म्हटलं, मग तुमचं काय चुकलं? तर म्हणाले, मीच दाखवलं. खड्यांत खडे होऊन पडली होती, कुणाला दिसत नव्हती. मीच बोट केलं त्यांच्याकडे. मी समजूत घालायला गेले, की अहो, पाखरंच ती, घालतील पुन्हा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताट उचलायलाच वाकले.

"ठमीलाही मी तेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

मी ते ताट झाकून ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी ते रिंगण पाण्यानं धुवून काढलं. फक्की सहज जात नाही, खड्यांवर तिचा फिकट गोल राहिलाच. आणि त्या दिवसापासून माणूस गप्प झाला. जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. सूर्य टाकीपाशी आला की काय, मला कुणी सांगितलं नाही. संसार मांडला तेव्हापासून मी गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले, आणि बसले तर घरात मला करमेना. भांडून बघितलं. मीठ कमी घालून बघितलं. हूं नाही की चूं नाही. वॉचमन मला विचारून गेला, त्यांना बरं नाहीये का.

आणि अशात लेकीचा फोन. चौथा महिना लागलाय, म्हणाली. सगळं नीट आहे, पण तिकडे उकाडा फार, जावई कामासाठी महिनाभर बाहेरगावी, डॉक्टरांनी जरा आराम करा म्हटलंय, तर तुझ्याकडे येऊ का? मी हो म्हणाले तेव्हा तिचं वाक्य पुरं झालेलंही नव्हतं. मग ती म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. कळलं तर मी उलट्या पावली परत जाईन. मी तेही कबूल केलं. यांना एवढंच सांगितलं की ठमी येतेय राहायला. हे उठून उभे राहिले, पुन्हा बसले. स्वतःहून? म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्वतःहून. मग तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

ती आली. सैल कपडे घातलेले, कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. हे दारात पाइप हातात घेऊन उभे. आलीस? ऊन नाही ना लागलं? एवढं विचारलं आणि मैदानाकडे चालू लागले. मला वाटलं, अवघडलेत, होतील मोकळे. कसले मोकळे! ती उठायच्या आत बाहेर, ती जेवून उठली की घरात. ती ओसरीत बसली की यांना सामानाच्या खोलीत काम. वर्षभर जिच्यासाठी फोन कुरवाळत बसले, ती दारात आली तर तिच्याकडे मान वर करून बघायला तयार नाहीत. चौथ्या दिवशी ठमीनं मला विचारलं, बाबा माझ्यावर रागावलेत का? माझ्याकडे बघत का नाहीत?

माझं डोकंच फिरलं. तरातरा सामानाच्या खोलीत गेले. हे जाळीचा गुंता सोडवत बसले होते. मी मागचं-पुढचं सगळं काढलं. पोरीनं मन मोठं केलं, आली, आणि तुम्ही परक्यासारखे वागताय, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर म्हणाले,

"मला दिसलं गं. आली तेव्हाच. बॅग खाली ठेवताना ती कमरेतून वाकली नाही, गुडघ्यांत वाकली."

मी दार ओढून घेतलं.

"मी तिच्याभोवती घुटमळलो की वॉचमन विचारणार. नुसतं कौतुकानं बघितलं तरी लोकांना कळतं. तोंड मी बंद ठेवीन, पण हा चेहरा कुठे ठेवू? म्हणून बघत नाही."

मी फक्कीच्या पोत्यावर बसले. साडी मागून पांढरी झाली तेही मला घरी गेल्यावर कळलं. दुकानात परवा कुणीतरी त्यांना विचारलंही होतं म्हणे, लेक आलीये, काही विशेष? हे म्हणाले होते, विशेष कसलं, सुट्टी आहे तिला. आणि साखर न घेताच परत आले होते. साखर विसरले म्हणून त्या दिवशी मी त्यांना बोललेही होते.

आता, बाबांना सांगू नकोस असं मला लेकीनं बजावलं होतं. लेकीला सांगू नकोस असं कुणीच बजावलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, टिटवीसुद्धा. ती माझ्या डब्यातली बटणं रंगांनुसार निवडत बसली होती. ऐकत ऐकत निवडतच राहिली. काळ्यांत निळी टाकत होती.

त्या संध्याकाळी उजेड संपतच नव्हता. जेवणाची वेळ झाली तरी मैदानाच्या पलीकडच्या कडेला गवताचा वाळका तुरान्‌तुरा दिसत होता, ओल्या मातीवर चतुर घिरट्या घालत होते. हे पायरीसमोरच्या पट्ट्याला पाणी मारत होते, आमच्याकडे पाठ करून. मी पायरीवर एका झग्याची दुमड घालत बसले होते. ठमी आतून आली आणि माझ्याशेजारी टेकली. म्हणाली,

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"नको," हे म्हणाले. वळलेसुद्धा नाहीत. "माझ्यापाशी काही राहत नाही, तुला माहितीये. नको सांगूस. सगळं सुखरूप पार पडलं की मग सांग."

हातातली सुई फेकून मारावीशी वाटली मला. पोरगी आपण होऊन हात पुढे करतेय, आणि हा माणूस! ठमी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून त्यांच्या पाठीकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळली आणि, मी इतकी जवळ असताना गरज नव्हती एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"आई, मला चौथा महिना आहे."

मला कळायला जरा वेळच लागला. मग मी म्हटलं, हो का? जसं काही आत्ताच ऐकतेय. डॉक्टर काय म्हणतात? ती म्हणाली, सगळं छान आहे म्हणतात. मागच्यासारखं काही दिसत नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली, सगळं मोठ्यानं. यांच्या हातातला पाइप एकाच जागी धरलेला, खाली नुसता चिखल झाला होता. असा चिखल दुसऱ्या कुणी केला असता तर त्याची धडगत नव्हती.

मग हे म्हणाले, तिला विचार, रात्री झोप लागते का? ठमी म्हणाली, उकडतं म्हणून जरा कमी लागते, म्हणावं. हे म्हणाले, तिची खाट मागच्या दाराशी टाक. या दिवसांत पहाटे वारा तिकडून फिरतो, थोडाच वेळ येतो, पण गार असतो. ठमी म्हणाली, बरं म्हणावं. दोघांत चार हातांचं अंतर नव्हतं आणि मी मध्ये बसून निरोप्याचं काम करत होते.

त्यांनी जाऊन नळ बंद केला. पाइप गुंडाळायला घेतला, अर्धा गुंडाळून थांबले.

"तिला विचार," म्हणाले, "मागच्या वर्षीचं अजून मनात आहे का."

मी विचारलं नाही. ठमीनं पायरीवरचा एक दोरा उचलला, बोटाभोवती गुंडाळला.

"आहे, म्हणावं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. पाठमोरेच होते, पण मला दिसली हललेली.

"पण मी आलेय ना, म्हणावं."

तेवढा एक निरोप माझ्याच्यानं पोचवला गेला नाही. मला रडू आवरत नव्हतं.